जिताड्याची सहा पानं

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१३ नोव्हेंबर

दक्षता,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहीत बसणार नाही. मी चौथी शिकलेली बाई. एक ओळ लिहायला मला एक पापलेट साफ करायला लागतो तेवढा वेळ लागतो. तेव्हा कामाचंच लिहिते.

तुला हेमामावशीकडे डोंबिवलीला का पाठवली ते तुला माहीत आहे, तरी सांगते. बारावीची पहिल्या टर्मची परीक्षा, बायोलॉजीत सत्तरपैकी बावीस. बाकी सगळ्यात पास, आणि ज्या विषयावर डॉक्टर व्हायचं त्यातच बावीस. इथे आळीत एक दिवसाआड कोणाची तरी हळद, त्यात डीजे, त्यात तुझा तो मोबाईल. तिथे मानपाड्याला मावशी दिवसभर कंपनीत, घर रिकामं, आणि क्षिप्रा मॅडमचा क्लास दोन बिल्डिंगा सोडून. आता परीक्षा होईपर्यंत तिथेच राहायचं. मोबाईल माझ्याकडे तांदळाच्या डब्यात आहे. मावशीच्या फोनवरून रोज बोलायचं नाही. फोनवर तू नुसतं "हो आई, झालं आई" करतेस. मला काय कळतं झालं का नाही झालं.

म्हणून असं ठरवलंय. नाथाकाका बुधवारी आणि रविवारी टेम्पोने मासळी घेऊन मानपाड्याला येतात. त्यांच्याबरोबर तुझा डबा येईल. हेमाच्या हातची डाळ खाऊन तुझं काय होतं ते मला ठाऊक आहे, ती माझी बहीण असली तरी. डबा रिकामा झाला की त्यात चिठ्ठी घालून परत द्यायचा. चिठ्ठीत एक धडा लिहायचा, मला कळेल असा. मला कळला तर पुढच्या डब्यात मासळी. नाही कळला तर दुधी.

नौपाड्यात मी मासळी घेऊन बसते त्याच्यासमोर पहिल्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. तो बोर्ड बघून बघून मला पाठ झालाय. त्याच्या बाजूचा गाळा रिकामा आहे. मी काही बोलत नाही. पण माझी पोर मासळीत हात घालणार नाही, हे मी तू जन्मलीस त्या दिवशी ठरवलेलं. मार्क पडले नाहीत तर माझ्याशेजारी टोपली घेऊन बसायचं आणि "ताजी हाय ताई" करायचं. बघ काय ते.

आज कोळंबी आहे. डबा धुऊन पाठव.

आई


मानपाडा, डोंबिवली पूर्व
१७ नोव्हेंबर

ती. आईस,

कोळंबी एक नंबर. मावशी म्हणाली मला नको, मला नको, आणि अर्धी तिनेच खाल्ली.

धडा लिहिते. रक्ताभिसरण. "मानवामध्ये बंद व दुहेरी स्वरूपाचे रक्ताभिसरण आढळते. फुप्फुसीय अभिसरणात ऑक्सिजनविरहित रक्त उजव्या निलयाकडून फुप्फुसांकडे नेले जाते, तर दैहिक अभिसरणात ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या निलयाकडून संपूर्ण शरीरास पुरवले जाते. हृदय हे चार कप्प्यांचे असून त्यामुळे दोन्ही प्रकारच्या रक्ताचे मिश्रण टाळले जाते."

अजून खूप आहे, पण क्लासची वेळ झाली. बुधवारी सुरमई पाठवशील?

डबा धुतलाय.

दक्षता


ठाणे
२० नोव्हेंबर

दक्षता,

डबा उघडलास, दुधी दिसला, तोंड वाकडं केलंस. झालं? आता वाच.

तुझी चिठ्ठी मी तीनदा वाचली. मग शेजारी बसते त्या गंगुबाईला वाचून दाखवली, ती बसल्या जागी पेंगली. हे तू लिहिलेलं नाही, हे छापील आहे. जन्मात तू कधी "आढळते" म्हणालीस काय गो? घरात मांजर शिरलं तर "आई, मांजर आढळते" असं ओरडतेस? गाईडमधून उतरवलंस आणि आई चौथी पास म्हणून तिच्या गळ्यात बांधलंस. मी रोज कल्ले उघडून मासळीचं ताजं-शिळं बघते. मला शिळं ओळखता येतं.

तुला बावीस का पडले ते मला आता कळलं. तू पाठ करतेस. पेपरवाल्याने प्रश्न जरा तिरका घातला की तुझं सगळं सांडतं.

मला एवढंच सांग. रक्त जातं कुठे आणि कशाला जातं. दोन फेऱ्या कशाला, एकीत भागत नाही का. गिऱ्हाइकाला पापलेट महाग का झालं ते मी जसं समजावते तसं समजाव. गिऱ्हाईक उठून जाता कामा नये.

आणि डबा धुतला म्हणालीस, झाकणाच्या खाचेत कोळंबीची मिशी होती.

आई


मानपाडा
२४ नोव्हेंबर

आई,

दुधी मावशीनेही खाल्ला नाही. आम्ही दोघींनी लोणच्याबरोबर भात खाल्ला. मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे, हे आधी सांगते.

आता ऐक. रक्त म्हणजे नाथाकाकांचा टेम्पो. शरीरात सगळीकडे गिऱ्हाईकं बसलीत, हात, पाय, पोट, मेंदू. प्रत्येकाला ऑक्सिजन पाहिजे, तुमच्या मासळीला बर्फ पाहिजे तसा. हृदय म्हणजे मार्केट. फुप्फुस म्हणजे बर्फाचा कारखाना. टेम्पो माल देऊन रिकामा मार्केटला आला की आधी छोटी फेरी मारतो, कारखान्यात जाऊन बर्फ भरतो आणि परत मार्केटला येतो. मग तिथून मोठी फेरी, सगळ्या गिऱ्हाइकांकडे.

आता तू विचारशील, बर्फ भरल्यावर सरळ गिऱ्हाइकाकडे का जात नाही, मधे परत मार्केट कशाला. मलाही माहीत नव्हतं. तुला लिहायचं म्हणून मॅडमना विचारलं. फुप्फुसातल्या नळ्या केसापेक्षा बारीक असतात, त्यातून जाता जाता रक्ताचा जोर संपतो. म्हणून परत हृदयात येऊन नवीन धक्का घ्यावा लागतो. टेम्पोने मोठ्या फेरीआधी डिझेल भरावं तसं. आणि मार्केटला चार खोल्या, कारण भरलेला आणि रिकामा टेम्पो एकमेकांत घुसायला नको.

दोन वर्षं मी हे पाठ करतेय आणि मधे परत का यायचं हे मला आज कळलं.

माशात मात्र एकच फेरी. हृदयातून कल्ल्यात, कल्ल्यातून थेट अंगभर. खोल्या दोनच. आई, तू रोज मासळी कापतेस, माशाचं हृदय दिसायला कसं असतं? मॅडम म्हणाल्या, त्यांनी फक्त चित्रात पाहिलंय.

दक्षता


ठाणे
२७ नोव्हेंबर

दक्षता,

कळलं. एका वाचनात कळलं. सुरमई आहे, मधले तुकडे.

टेम्पोचं नाथाभावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले डिझेलचं बरोबर आहे, पण मार्केटला चार खोल्या नाहीत, एकच आहे आणि तिलाही छप्पर नाही. गंगुबाई जागी होती या वेळी.

माशाचं काळीज विचारलंस. गळ्याखाली असतं, कल्ल्यांच्या जरा मागे, मधोमध. मोठ्या रावसाचं बोराएवढं, काळपट लाल. आम्ही ते मांजरीला टाकतो. आणि एक सांगते. जिवंत शिंगाळा आला आणि त्याचं काळीज काढून फळीवर ठेवलं, तर ते तसंच एकटं धडधडत राहतं. मासा कापून झाला, पिशवीत भरला, गिऱ्हाईक रिक्षात बसलं, तरी याचं चालूच. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा बघितलं, मी सुरी टाकून उठलेली. सासू म्हणाली बस खाली, त्याला अजून कळलं नाही.

ते का धडधडतं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. मॅडमला विचार.

डबा या वेळी बरा धुतलेला.

आई


मानपाडा
८ डिसेंबर

आई,

मॅडमनी तुझा शिंगाळा अख्ख्या क्लासला सांगितला. ते असं आहे. हात हलवायला मेंदूचा हुकूम लागतो, हृदयाला लागत नाही. हृदयाच्या आतच त्याचा स्वतःचा मुकादम बसलेला असतो, एवढासा, तो टिचकी मारतो आणि हृदय धडधडतं. म्हणून बाहेर काढलं तरी काही वेळ चालतं. माणसातही तसंच. याला मायोजेनिक म्हणतात. आता हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आजचा धडा, मुलगा की मुलगी हे कशावरून ठरतं. बाईकडे एकाच जातीचा माल असतो, एक्स. पुरुषाकडे दोन जातीचा, एक्स आणि वाय. बाई नेहमी एक्सच देते. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. म्हणजे मी मुलगी झाले त्यात तुझा काही हात नाही. हे आजीला मोठ्याने वाचून दाखव.

पक्ष्यांत उलटं असतं, तिथे मादी ठरवते. मधमाशीत आणखीनच वेगळं. आई, मासळीत नर-मादी तुम्ही कसं ओळखता?

दक्षता


ठाणे
११ डिसेंबर

दक्षता,

आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली पुस्तकात काहीही छापतात. तुझे बाबा तिथेच जाळं शिवत बसलेले, त्यांनी एकदम चहा मागितला.

चिंबोरीचं, म्हणजे मॅडमच्या खेकड्याचं, सोपं आहे. उलटी करायची, पोटावरचं झाकण रुंद असलं तर मादी, निमुळतं असलं तर नर. पापलेट, बोंबील कापल्याशिवाय कळत नाहीत. आत गाबोळी निघाली, म्हणजे अंड्यांची पिशवी, तर मादी. हे तुला नाही सांगत, मॅडमला कळायला लिहिलं.

जिताड्याची वेगळीच तऱ्हा. तीस वर्षं मी जिताडा कापतेय, माझी सासू त्याच्याआधी चाळीस. दोन-तीन किलोच्या जिताड्यात आम्हाला कधी गाबोळी मिळाली नाही. सहा-सात किलोचा असला तर बहुतेक मिळतेच. नौपाड्यातलं नवीन गिऱ्हाईक छोटा जिताडा घेतं आणि विचारतं आत गाबोळी आहे का, तेव्हा मी आणि गंगुबाई एकमेकींकडे बघतो. मी तिला म्हणते, यांच्यात सगळे पोरगेच जन्माला येत असतील, मग मोठे होऊन शहाणे होत असतील आणि बाया बनत असतील.

हसू नकोस. धडा लिही. किडनीचा राहिलाय.

आई


मानपाडा
१५ डिसेंबर

आई,

किडनी पुढच्या वेळी. हे आधी वाच, सहा पानं आहेत, टाळाटाळ करू नकोस.

मॅडमनी तुझी चिठ्ठी वाचली आणि क्लास थांबवला. मला वाटलं चिठ्ठीला वास येतोय म्हणून. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, अर्धा तास शोधत बसल्या. आई, तू गंमत म्हणून लिहिलंस ते खरं आहे. जिताडा बहुतेक नर म्हणूनच वाढतो. काही वर्षं नर म्हणून जगतो आणि मोठा झाला की मादी होतो. तोच मासा. पोटातला अवयवच बदलतो. मॅडम म्हणाल्या, तुझ्या आईने आणि आजीने मिळून सत्तर वर्षांचं निरीक्षण केलंय, फक्त लिहून ठेवलं नाही.

मी विचार करत बसले. मोठे मोठेच जिताडे पकडले तर अंडी घालणाऱ्याच सगळ्या संपतील. आणि छोटेच पकडले तर मोठं व्हायला उरणार कोण. मग किती किलोचा पकडायचा, हे कोणी ठरवतं का? आपल्या खाडीत पूर्वी किती मिळायचे? अंडी कुठे घालतात, खाडीत की बाहेर समुद्रात? कोणत्या महिन्यात गाबोळी भरते? कल्ल्यांचा रंग तेव्हा बदलतो का? बाबांना विचार, आजीला विचार, गंगुबाईला विचार. सगळं लिही.

(पुढची चार पानं पण वाच. आकृती काढलीय.)

दक्षता


ठाणे
२२ डिसेंबर

दक्षता,

सहा पानं वाचायला मला दोन दिवस लागले. निरीक्षणाचं गंगुबाईला दोनदा सांगितलं, तिने एकदाच ऐकलं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, मग लिहून ठेव की आता, कोण नको म्हणतंय. तिला आता पुस्तकं चालायला लागली.

पण मला एक सांग. परीक्षेत जिताडा येणार आहे काय? हृदयाचं एक पान आणि जिताड्याची सहा. तुला माणसांची डॉक्टर व्हायचंय पोरी, मासळीची नाही.

विचारलंस म्हणून सांगते आणि विषय संपवते. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाशी जातो, खाऱ्या पाण्याला, पावसाळ्यात. पिल्लं मग भरतीबरोबर आत येतात, पार शेतातल्या खाचरात शिरतात. तुझे आजोबा खाचरातून बोटभर पिल्लं काढून तळ्यात सोडायचे आणि चार वर्षं वाट बघायचे. गाबोळी आषाढाच्या आधी भरते, तेव्हा पोट खालून मऊ लागतं, अंगठ्याने दाबलं तर कळतं, सुरी लागतच नाही. कल्ल्यांचा रंग नाही बदलत, अंगाचा बदलतो, सोनेरी झाक येते. पूर्वी आपल्या खाडीत बाबा एका जाळ्यात तीन-तीन काढायचे. आता पाण्याला रंगच दुसरा. मोठा जिताडा येतो तो बाहेरून येतो. किती किलोचा पकडायचा हे कोणी ठरवत नाही. आजोबा एकच करायचे, गाबोळी भरलेला आषाढात मिळाला तर पहिला सोडून द्यायचे. दुसरा ठेवायचे.

बघ, माझीही चार पानं झाली. आता बास. पुढची चिठ्ठी किडनीची. किडनी नाही आली तर दुधी.

आई


मानपाडा
१२ जानेवारी

आई,

प्रिलिमचा निकाल. बायोलॉजी, सत्तरपैकी चौपन्न.

किडनी सोबत जोडलीय, अर्धं पान. मार्केट सुटल्यावर तुम्ही जागा धुता, त्याची गोष्ट केलीय. सगळं पाणी आधी बाहेर लोटायचं आणि त्यातलं कामाचं परत उचलून घ्यायचं.

दक्षता


ठाणे
१५ जानेवारी

दक्षता,

चौपन्न. सोळा कुठे गेले?

बोंबील आहेत. बाबांनी आणलेत खास. किडनी कळली, पण आम्ही जागा धुतो तेव्हा कामाचं काही परत उचलत नाही, ते गंगुबाई आधीच उचलते.

आई


ठाणे
२ फेब्रुवारी

दक्षता,

प्रॅक्टिकल झालं म्हणे. हात थरथरले नाहीत ना? तू मासळी कापलेली नाहीस, नाहीतर हात थरथरत नाहीत. असो. ते माझंच करणं.

डॉक्टरीणबाई आज खाली आलेल्या. म्हणाल्या डॉक्टर व्हायचं तर फॉर्म भरायचा असतो, आताच भरायचा असतो. तो भरलास ना? मावशीला विचारलं तर ती म्हणते दक्षताचं दक्षताला माहीत.

थोरल्या परीक्षेला घाबरू नकोस. प्रश्न वाचला की समोर मी बसलेय असं समज आणि मला सांग.

आई


मानपाडा
५ फेब्रुवारी

आई,

हो, फॉर्म भरला.

दक्षता


मानपाडा
९ मार्च

आई,

बायोलॉजी झाला. हृदय मायोजेनिक का म्हणतात असा प्रश्न होता. शिंगाळा लिहिला नाही, पण अख्खा वेळ तो फळीवर धडधडत होता. रक्ताच्या दोन फेऱ्याही होत्या. शेवटच्या पानावर पोचले तेव्हा बाजूचा मुलगा पुरवणी मागून मागून थकलेला आणि मी आरामात होते.

आता एप्रिलमधल्या परीक्षेसाठी इथेच राहते. मॅडमनी सांगितलंय.

बुधवारी चिंबोरी पाठव. अख्खी पाठव, कापू नकोस. मला झाकण बघायचंय.

दक्षता


ठाणे
७ मे

दक्षता,

सोमवारी मावशीच्या फोनवरून "आई, बायोलॉजीत चौऱ्याण्णव" एवढं म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी हॅलो हॅलो करत राहिले. पेपरात सत्तरपैकी पासष्ट आणि प्रॅक्टिकलला तीसपैकी एकोणतीस, हे मला मागाहून मावशीने सांगितलं.

नौपाड्याच्या फुटपाथवर पेढे वाटले. फुलवाला, किल्लीवाला, दवाखान्याचा वॉचमन. गंगुबाई रडली, तिला म्हटलं तुला काय झालं, ती म्हणाली त्या शिंगाळ्यात माझाही हात आहे. आजीने देवाला नारळ दिला. बाबांनी शेव आणली.

परीक्षा संपून दोन आठवडे झाले, अजून तू तिथेच. मावशीला मदत करतेस म्हणे. तू आणि मदत. काय लपवतेस ते लिही. हातात चौऱ्याण्णव असताना पोरगी घरी येत नाही म्हणजे काहीतरी आहे.

डब्यात सुरमई, पापलेट दोन्ही आहे.

आई


मानपाडा
११ मे

ती. आईस,

हे मला फोनवर बोलता येणार नव्हतं, म्हणून चिठ्ठी.

डॉक्टर व्हायला नीट नावाची वेगळी परीक्षा असते. तिचा फॉर्म मी भरला नाही. "फॉर्म भरला" लिहिलं तो सीईटीचा होता, बाकीच्या कॉलेजांच्या परीक्षेचा. तीच एप्रिलमध्ये दिली. रत्नागिरीला फिशरीजचं कॉलेज आहे, चार वर्षांचं. मासळी कशी वाढते, कशाने संपते, किती पकडावी, बोटभर पिल्लं तळ्यात कशी सांभाळावी, हे शिकवतात. आजोबा करायचे ते. मला तिथे जायचंय. पेपर चांगला गेलाय, नंबर लागेल असं मॅडम म्हणतात.

तू जन्माच्या दिवशी काय ठरवलंस ते मला माहीत आहे. लहानपणी मी कोळंबी सोलायला बसले तरी तू हातावर मारायचीस. म्हणून डिसेंबरमध्ये बोलले नाही. आधी मार्क आणायचे ठरवलं. बावीसवाली पोर मासळीकडे गेली असती तर सगळे म्हणाले असते, झेपलं नाही, परत टोपलीकडे आली. आता तसं कोणी म्हणू शकत नाही. तूसुद्धा नाही.

तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. पण नको म्हणायच्या आधी एकदा माझ्याकडे बघून म्हण.

डबा स्वच्छ धुतलाय.

दक्षता


मानपाडा
२१ मे

आई,

तीन फेऱ्या झाल्या, नाथाकाका रिकाम्या हाताने येतात. विचारलं तर म्हणतात, वहिनी बोलत नाहीत.

दुधी तरी पाठव.

दक्षता


ठाणे
२४ मे

दक्षता,

दुधी पाठवणारच होते. भाजीवाल्याकडे हातात घेतला आणि परत ठेवला.

पहिले चार दिवस गिऱ्हाइकाने भाव विचारला तर बोटं दाखवायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भागीरथी, पोरगी कुठल्या मेडिकलला जाणार? मी म्हटलं, ताई, रावस देऊ का.

खोटं बोललीस ते मी विसरणार नाही. तुला वाटत असेल फॉर्म भरला हे काही खोटं नाही. शिळ्या मासळीवर ताजं पाणी मारलं तर पाणी ताजंच असतं, पण मी तसं कधी विकलेलं नाही. हे एकदाच सोडतेय.

मग परवा तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. तांदळाच्या डब्यात तुझ्या मोबाईलशेजारी ठेवलेल्या. ओळीने लावल्या. हृदय एक पान. किडनी अर्धं. जिताडा सहा, वर आकृती. एवढं समोर पडलेलं आणि मला दिसलं नाही. मी, जिला पोटावर अंगठा ठेवला की आत काय आहे ते कळतं.

का दिसलं नाही ते सांगते. मी माझी उत्तरं लिहिण्यात गुंगलेली. एका ओळीला एक पापलेट, आणि मी चार-चार पानं लिहिली, कोणी मागितली म्हणून. तीस वर्षं मी त्या फुटपाथवर बसते. भाव सोडून मला मासळीचं कोणी कधी काही विचारलं नव्हतं. तू विचारलंस आणि मी भरभरून सांगत सुटले. हातावर मारणारी मीच, आणि आठवड्यातून दोनदा डबा भरून मासळी पाठवणारीही मीच. आता ओरडू कोणावर.

तरीही आज सकाळपर्यंत माझं नाहीच होतं. मग साडेसात किलोचा जिताडा आला. डॉक्टरीणबाई तुकडे घ्यायला उभ्या. मी सुरी लावता लावता म्हटलं, ताई, हा आधी नर होता, आता मादी आहे. त्या म्हणाल्या, काहीतरीच काय भागीरथी. मला राग आला. मी म्हटलं, डॉक्टर असून तुम्हाला माहीत नाही? माझ्या पोरीला विचारा, ती रत्नागिरीला तेच शिकायला चाललीय. आणि पोट फाडलं तर आत हातभर गाबोळी. सगळा फुटपाथ बघत होता. फुलवाल्याने ऐकलं, किल्लीवाल्याने ऐकलं, गंगुबाईने तर टाळी दिली. आता बोललेलं परत कसं घेणार.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं. मग जाळं बाजूला ठेवून म्हणाले, तिला विचार, खाडीतलं पाणी परत चांगलं होईल का. ते तूच सांग त्यांना.

नंबर लागला तर जायचं. पण तिकडून दर आठवड्याला चिठ्ठी यायला पाहिजे, मला कळेल अशी. नाही कळली तर रत्नागिरीलाही दुधी मिळतो.

गाबोळी मी विकली नाही. डॉक्टरीणबाईंनी मागितली तरी दिली नाही. झाकून ठेवलीय, उद्यापर्यंत टिकेल. डब्यातून पाठवणार नाही. उद्या सकाळी रिकाम्या डब्यात ही चिठ्ठी येईल, तो डबा घे आणि नाथाभावजींच्या त्याच टेम्पोत बसून तूच ये. धुऊन आण.

आई